मागील पानावरून पुढे : घर, नोकरी आणि शेती सांभाळून एकाच वेळी अनेक कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रोजची खानापूर-बेळगाव बस, पतसंस्थेतली नोकरी, घरची दीड एकर भातशेती आणि या सगळ्याच्या फटीत कथालेखन. सध्या माझ्या टेबलावर एक कादंबरी, दोन कथा, किशोरांसाठी गोष्टींची एक मालिका आणि एक एकांकिका आहे. टेबल म्हणजे शिलाई मशीनचं झाकण. हिवाळा लागला की आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात आणि मांडवाबाहेर चहा पिताना दरवर्षी तेच प्रश्न येतात. चहा गार होतो. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

एकाच वेळी चार लेखनं हाती घेणं म्हणजे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ नव्हे का?

चारही एकाच अवस्थेत असतील तर चिंध्याच होतात. माझ्या झाल्यात. एका उन्हाळ्यात मी तीन कथांचे पहिले खर्डे एकदम सुरू केले आणि तिन्ही चौथ्या-पाचव्या पानावर बसल्या त्या बसल्याच. पहिला खर्डा माणसाला खातो. त्यातली माणसं भाजी निवडताना, पैसे मोजताना, झोपेतसुद्धा डोक्यात बोलत राहतात. अशी दोन घरं एका डोक्यात नांदत नाहीत.

पण लेखन म्हणजे फक्त पहिला खर्डा नव्हे. दुसऱ्यांदा लिहिणं, टाईप करणं, शुद्धलेखन तपासणं, कुणाला तरी भेटून माहिती विचारणं ही कामं वेगळ्या जातीची आहेत. तव्यावर भाकरी असते तेव्हा तिथून हलता येत नाही. शेजारच्या चुलीवर आमटी उकळत असते, तिच्याकडे अधूनमधून बघितलं तरी चालतं. फळीवरच्या बरणीतलं लोणचं आपलं आपण मुरतं. भाकरी एका वेळी एकच, हा माझा एकमेव कडक नियम. सध्या तव्यावर कादंबरी आहे, कथा उकळताहेत, एकांकिका बरणीत.

आणि एकावरच का थांबत नाही, तर कादंबरी दोन-तीन वर्षं काहीच हाती देत नाही. मध्ये एखादी कथा छापून आली नाही तर घरच्यांचाच काय, आपलाही आपल्यावरचा विश्वास उडतो.

मग एका वेळी किती हातात घ्यावीत?

माझा आकडा चार किंवा पाच. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर दोन. सहावं आलं की एक जातं.

तुम्ही ‘रोजकीर्द-खतावणी’ म्हणता ते नेमकं काय?

मी पतसंस्थेत लागले तेव्हा हिशेब हातानं लिहिलेल्या चोपड्यांत असायचा. दिवसभरात जे जे घडलं ते घडल्या क्रमानं रोजकीर्दीत उतरायचं, मग प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर खतवायची, म्हणजे खतावणी. आता सगळं सॉफ्टवेअरवर आहे, बटण दाबलं की खतावणी तयार. पण अनेक लेखनं सांभाळायला मला ही जुनी रीतच उपयोगी पडली, कारण आपली अडचणसुद्धा तीच असते: दिवस एक आणि खाती अनेक.

रोजकीर्दीत रोजची एक ओळ. माझ्या वहीतल्या तीन ओळी जशाच्या तशा देते:

मंगळवार. बस, सकाळ. कादंबरी, खा. पा. ३. तुळसाचा गोव्याहून फोन, अर्धं पान.
बुधवार. काही नाही. ऑडिट.
गुरुवार. रात्री. पंपाची कथा, खा. पा. ४१. शेवट खोडला.

खा. पा. म्हणजे खाते पान. वहीच्या मागच्या भागात प्रत्येक लेखनाला आठ-दहा पानं दिलेली असतात. पानाच्या डोक्यावर नाव (नसेल तर ‘पंपाची कथा’ असं टोपणनाव), साधारण किती शब्द, कुणासाठी, कधीपर्यंत. खाली तारीखवार नोंदी. आणि सगळ्यात खाली शिल्लक. शिल्लक म्हणजे झालेलं काम नव्हे, राहिलेलं. ‘शेवट नवा. सरपंचाचं बोलणं कमी. पंप किती एचपीचा ते भावजींना विचारणे.’

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची शिल्लक एकत्र ताडून बघणं. सगळ्या खात्यांवरून बोट फिरवायचं. ज्या खात्यात दोन महिने एकही नोंद नाही, त्याचं काय करायचं ते त्याच दिवशी ठरवायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळण्याकडे मनाचा फार कल असतो, कारण तिथं खोटं बोलता येत नाही.

एक सांगते, ‘काही नाही’ ही नोंदही करायची. वर्षानं वही उलटली की नेमकं कळतं की आपले दिवस आळसात गेले की ऑडिटात. माझा समज होता की मी आळशी आहे. वहीनं सांगितलं की मी मार्चमध्ये काम करते.

पण वेळ आणायचा कुठून?

माझा वेळ बसमध्ये आहे. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. गणेबैलचा टोलनाका जाईपर्यंत खिडकीबाहेर बघायचं, तिथून पिरनवाडीपर्यंत लिहायचं, उद्यमबाग आलं की वही पिशवीत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून गर्दी इतकी वाढली की बसायला मिळेलच असं नाही. उभ्यानं वही धरता येत नाही. मग कंडक्टर देतो ते शून्य रुपयांचं तिकीट कामाला येतं. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात दोन वाक्यं मावतात. ‘ती म्हणाली नाही. तिनं फक्त कुकरची शिट्टी काढली.’ हे कादंबरीतलं वाक्य अशाच तिकिटावर लिहिलं होतं. तिकिटाची शाई उडते, आपल्या पेनाची उडत नाही. संध्याकाळी ती तिकिटं रोजकीर्दीत टाचायची.

तुमच्याकडे बस नसेल. पण मुलाचा क्लास सुटेपर्यंतचा अर्धा तास, उसाला पाणी सोडल्यावर बांधावर बसून राहायचं ते, डायलिसिसच्या रांगेत सासऱ्यांबरोबर घालवलेली सकाळ, असं काहीतरी प्रत्येकाच्या आठवड्यात असतं. पहिल्या खर्ड्याला सलग वेळ लागतो, तो अशा तुकड्यांत होत नाही. पण संवाद, टिपणं, दुरुस्त्या तुकड्यांत उत्तम होतात. म्हणून आधी वेळेची जात बघायची आणि मग त्या जातीचं काम त्याला द्यायचं. सलग दोन तास मिळाल्यावर शुद्धलेखन तपासत बसणं हा गुन्हा आहे.

पहाटे लिहावं की रात्री?

ज्या वेळी तुम्हाला कुणी हाक मारत नाही तेव्हा.

रोज लिहायलाच हवं का? हिशेब कसा बसवायचा?

रोज लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटतं, मला ते जमलेलं नाही. माझा हिशेब असा: एका बैठकीत तीनशे शब्द, म्हणजे फुलस्केपचं एक भरलेलं पान आणि वर थोडं. आठवड्याला चार बैठका, बाराशे शब्द. साडेतीन हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा तीन आठवड्यांत होतो. आठवडाभर तिच्याकडे बघायचं नाही. मग दोनदा लिहून काढायला दोन आठवडे. म्हणजे कथा सहा आठवड्यांची. हे सगळं सुरळीत चाललं तर, आणि ते चालत नाही, म्हणून आठ धरा.

कादंबरी साठ हजार शब्दांची धरली तर बाराशेच्या हिशेबानं पन्नास आठवडे. वर्ष बावन्न आठवड्यांचं, म्हणजे वर्षात कादंबरी, असा हिशेब मी पहिल्यांदा केला होता. त्यात गणपती नव्हता, मार्चएंड नव्हता, रोप लावण नव्हती. बारा आठवडे तर आमच्या वर्षातून असेच कापले जातात. उरलेल्या चाळीस आठवड्यांत अठ्ठेचाळीस हजार शब्द. त्यामुळे नुसता खर्डाच सव्वा वर्ष खातो. हा आकडा आधी माहीत असला की दहाव्या महिन्यात रडू येत नाही.

वर्षाचं वेळापत्रक कसं आखता?

हा खरा प्रश्न. दिवसाचं वेळापत्रक सगळे विचारतात, वर्षाचं कुणी विचारत नाही. पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात ती वेळापत्रकं अशा माणसांची असतात ज्यांच्या घरी जुलैत चिखल नसतो.

आमच्याकडे मार्च पतसंस्थेला, शिवाय घरात दहावीचं पोर असेल तर परीक्षेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून शाळांना सुट्टी, लग्नसराई, वैशाखात शिवजयंती आणि त्यानंतर बेळगावची चित्ररथ मिरवणूक, जी पाहायला नातेवाईक मुक्कामाला येतात. गावाची लक्ष्मी यात्रा असेल तर ते वर्ष लेखनातून वजाच करा. रंगकामापासून पाहुण्यांपर्यंत सगळं गाव त्यात अडकतं आणि अडकावंही. मग सीमेवर राहणाऱ्यांचा एक खास घोळ आहे. आपल्या कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीला उघडतात, तिकडे महाराष्ट्रात जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. म्हणजे आपली पोरं दप्तर घेऊन निघालेली आणि कोल्हापूरची भाचरं अजून घरात गादीवर. दोन राज्यांच्या सुट्ट्या मिळून एकाच बाईचे दोन महिने जातात. (बेंदूरही दोन: कर्नाटकी ज्येष्ठात, महाराष्ट्रातला आषाढात. बैलांची चैन असते.)

जुलैत रोप लावण. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस काय असतो ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. वीज गेली की कधी येईल ते विचारायचं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, ऑक्टोबरात दसऱ्याची शाळेची सुट्टी, मग दिवाळी. १ नोव्हेंबरला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, फेरी, बंद, बस मिळेल न मिळेल. नोव्हेंबरात सुगी, भात कापायचं, मळायचं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहराचे रस्ते कुठं वळवलेत ते रोज नव्यानं शोधायचं.

आता यात मोकळी जागा दिसते का? मला दोन दिसतात. एक, सुगी आटोपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दुसरी, लावण संपल्यावर गणपतीची तयारी सुरू होईपर्यंतचे तीन-चार आठवडे. पहिली मोठी, कोरडी, वीज असलेली. पहिला खर्डा तिथं. दुसरी लहान आणि ओली. तिथं पुनर्लेखन, तेही हातानं, बॅटरीच्या उजेडात. बाकीच्या महिन्यांत फक्त बसमधलं काम. एकदा ही मांडणी केल्यावर मी एप्रिलमध्ये स्वतःला शिव्या देणं बंद केलं.

दिवाळी अंकासाठी कथा कधी लिहायला घ्यावी?

संक्रांतीला.

हसू नका. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला संपतं, पण लेखकाचं वर्ष जुलै-ऑगस्टमध्येच संपतं, कारण साहित्य मागवायच्या मुदती तिथं असतात. वर सांगितल्याप्रमाणे आमचा जुलै चिखलात असतो. म्हणून खर्डा जानेवारीत, मुरवण मार्चमध्ये (तसाही तेव्हा वेळ नसतो), दुसरं लेखन मे-जूनमधल्या पाहुण्यांतून, आणि जूनअखेर पाठवून मोकळं.

अधिक महिन्याच्या वर्षी फसगत होते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबतात: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अडीच आठवडे जास्त मिळाले असं वाटतं. पण मुदती बहुतेक ठिकाणी इंग्रजी तारखेवर ठरतात, तिथं अधिक मास चालत नाही. फायदा दुसरीकडे आहे. अधिकात लग्नं नसतात, म्हणजे ऐन मोसमातले चार-पाच रविवार मोकळे. आणि गणपती सप्टेंबरात गेल्यामुळे ऑगस्ट अख्खा हातात. अधिकातला जावयाच्या अनारशांचा एक दिवस तेवढा सोडा.

एकच कथा दोन अंकांना पाठवली तर?

नको. संपादक एकमेकांना ओळखतात. नकार आला किंवा तुम्ही कथा परत घेतल्याचं कळवलंत की मग दुसरीकडे पाठवा, आणि दोन्ही तारखा खात्यात लिहा.

तीन महिन्यांनी कादंबरी उघडली तर आपलीच ओळखू येत नाही. काय करायचं?

जुन्या चोपड्यांत पान संपलं की तळाला लिहायचे ‘पुढील पानावर नेले’ आणि नव्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’. रक्कम दोन्हीकडे तीच. नवा कारकून आला तरी त्याला मागचं पान उलटावं लागायचं नाही.

मी लेखन थांबवताना हेच करते. उठण्याआधी पाच ओळी: आत्ता कोण कुठं उभं आहे, पुढचं वाक्य काय असणार होतं, कुठली गोष्ट वाचकाला अजून सांगितलेली नाही, मला स्वतःला काय माहीत नाही, आणि मी का थांबले. शेवटची ओळ महत्त्वाची. ‘सुगी’ असं लिहिलेलं असेल तर परत येणं सोपं. ‘तुळसा परत का येते ते पटत नाही’ असं असेल तर सुगीचं निमित्त करून आपण पळालो होतो, हे तीन महिन्यांनी तरी कबूल करता येतं.

परत बसल्यावर अख्खं लेखन पहिल्यापासून वाचू नका. वाचलंत की पहिलं प्रकरण दुरुस्त करत बसाल. या नादात माझं पहिलं प्रकरण सात वेळा लिहून झालं आणि नववं एकदाही नाही. शेवटची चार पानं वाचा, त्यातलं शेवटचं पान हातानं उतरवून काढा आणि न थांबता पुढं जा.

दोन लेखनांतली पात्रं एकमेकांसारखी बोलू लागतात. मग?

प्रत्येक खात्याच्या दुसऱ्या पानावर ‘भाषा’ असं शीर्षक टाका. कोण कसं बोलतं, कुठले शब्द वापरतं, कुठले कधीच नाही. याचा मला एक वेगळाच उपयोग झाला. आमच्याकडे बोलताना मुली, बायका सर्रास ‘मी जातो’, ‘मी येतो की’ म्हणतात. माझ्या एका कथेतली मुलगी पहिल्या पानापासून तशी बोलत होती. छापून आलेला अंक उघडला तर तिच्या तोंडची सगळी क्रियापदं कुणीतरी सुधारलेली, ‘जाते’, ‘येते’. त्या कथेत शेवटी ती पुण्याला गेल्यावर पहिल्यांदा ‘जाते’ म्हणते आणि तिच्या आईला फोनवर ते टोचतं. तीच कथा होती. आता ‘भाषा’ या पानाची टाईप केलेली प्रत कथेसोबत जाते, वर ठळक अक्षरात: क्रियापदं मुद्दाम तशी आहेत, बदलू नयेत.

दिवसभर कन्नड बोलून रात्री मराठी लिहायला बसलं की वाक्य येत नाही.

येत नाही, खरंय. काउंटरवर कन्नड, परिपत्रक कन्नड, दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटशी अर्धं-अर्धं. घरी येऊन लिहिलेलं पहिलं वाक्य परिपत्रकासारखंच निघतं. मी ते फुकट घालवायला शिकलेय. पहिली दहा मिनिटं कथेतलं काहीच लिहायचं नाही, आज काउंटरवर कोण आलं होतं ते लिहायचं. नाहीतर रविवारी गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची दोन पानं ओठ हलवत वाचायची. १८४८ सालापासूनची संस्था आहे. तिथल्या कपाटांपुढं उभं राहिलं तरी माझी भाषा थोडी जागेवर येते, हा माझा वैयक्तिक भ्रम असेल.

मात्र आलेले कन्नड शब्द वेचून फेकू नका. अण्णा, अक्का, तूप, सुगी हेही कधीतरी तिकडूनच आले. माझ्या कादंबरीतला बँकवाला रागावला की कन्नडमध्ये जातो, आणि ते मला काउंटरवरच मिळालं.

घरच्यांना कसं सांगायचं?

तारीख सांगायची. ‘मला लिहायचंय’ याला आमच्या घरी अर्थ नव्हता, ‘जूनअखेर कथा पाठवायचीय’ याला आला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि माझ्या मुदती एकाच चौकटीत असतात. माझ्या मुदती लाल पेनानं.

“आत्ती, आज साडेनऊनंतर हाक मारू नका हं.”

“का गं, आणि लिवायचंय?”

“होय की. तीस तारीख बघा की तिथं.”

“तीसला सिलिंडर संपतंय.” सासूबाई चष्मा लावून बघतात. “आणि ती तुळसा? आली का गोव्याहनं?”

“नाही अजून.”

“येईल. न येऊन जातीय कुठं.”

सासूबाई चौथीपर्यंत शिकल्यात. माझं छापलेलं त्या वाचत नाहीत, पण कॅलेंडर रोज वाचतात. त्यामुळे मला मुदत चुकवता येत नाही.

मध्येच एखादी नवी, झकास कल्पना सुचली तर?

अनामत खात्यात जमा करा. पैसे कुणाचे ते कळत नाही तोवर पतसंस्थेत ते जसे अनामतला पडून राहतात, तसं. वहीच्या शेवटच्या चार पानांवर अनामत: एक कल्पना, तीन ओळी, तारीख. त्याहून जास्त लिहायचं नाही, कारण चौथ्या ओळीपासून तो पहिला खर्डा होतो. तेरजेच्या दिवशी वाचायच्या. बहुतेक कल्पना महिन्याभरात आपोआप शिळ्या होतात. एखादी तीन तेरजा टिकली तर तिला खातं उघडून द्या.

नवी कल्पना नेहमी जुन्या लेखनाच्या अवघड वळणावरच सुचते, हेही वहीतल्या तारखा ताडून बघितल्यावर लक्षात आलं.

एखादं लेखन सोडून द्यायचं कधी?

सलग सहा तेरजा शिल्लक तीच राहिली तर. मी त्याला बुडीत खातं म्हणते. बुडीतला टाकणं म्हणजे फाडून फेकणं नव्हे. वही राहते, फक्त रविवारी तिच्याकडे बघून जीव खायचा नाही. माझी बुडीत खाती सात आहेत. त्यातल्या एकातला म्हातारा उचलून मी कादंबरीत आणला आणि तो तिथं मजेत आहे. म्हणजे बुडीतातूनही वसुली होते, थोडी आणि उशिरा, पतसंस्थेसारखीच.

घरात आजारपण, मृत्यू, मोठं संकट आलं तर वेळापत्रकाचं काय?

काही नाही. रोजकीर्दीत एक आडवी रेघ मारा. मुदतीचं काम असेल तर संपादकाला दोन ओळी कळवा, पुष्कळदा समजून घेतात. मी एकदा अडीच महिने नुसती रेघच ओढली होती.

वहीत लिहावं की मोबाईलवर?

खर्डा वहीत, दुसरं लेखन मोबाईलवर, असं माझं. मोबाईलला बोलून लिहायची सोय आहे आणि ती पूर्वीपेक्षा बरीच सुधारलीय, पण तिनं माझी ‘रोप लावण’ ‘रूप लावण्य’ करून टाकली होती, आणि मी तशीच पुढं पाठवणार होते. युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

एका जुलैत बांधावरून मोबाईल चिखलाच्या पाण्यात गेला. त्यात मालिकेची बावीस पानं होती, कुठंही न उतरवलेली. दुरुस्तीवाल्यानं तांदळाच्या डब्यात ठेवा सांगितलं. तांदूळ आमच्याकडे भरपूर, पण पानं काही परत आली नाहीत. त्यानंतर ठरवलं: दर रविवारी सगळ्या फाईली स्वतःलाच मेल करायच्या, आणि त्याचीही रोजकीर्दीत नोंद.

एकांकिका, नाटक हे याच पद्धतीत बसतं का?

पहिल्या खर्ड्यापर्यंत बसतं. पुढं तालमी सुरू झाल्या की वेळापत्रक पोरांच्या कॉलेजचं आणि दिग्दर्शकाच्या नोकरीचं होतं, तुमचं राहत नाही. म्हणून स्पर्धेची तारीख जाहीर होण्याआधीच माझा तरी खर्डा तयार ठेवायचा प्रयत्न असतो. जमत नाही दरवेळी.

वही कुठली घ्यावी?

दोनशे पानांची लांब, आखीव, शिवणीची. स्प्रिंगची नको, बसमध्ये पिशवीच्या बंदात अडकते. पुठ्ठा जाड असावा, उभ्यानं लिहायला आधार होतो. पहिली शंभर पानं रोजकीर्दीला, पुढची खतावणीला, शेवटची चार अनामतला. खतावणीच्या पानांवर एकपासून वेगळे आकडे आधीच घालून ठेवा, त्याशिवाय खा. पा. लिहिता येत नाही. मी हे काम दिवाळीच्या पाडव्याला करते. त्या दिवशी पतसंस्थेला सुट्टी असते आणि घरात वहीपूजनाला तशाही वह्या काढलेल्या असतात.